जखमी बदकाला पाण्यात कधी सोडायचं?

प्रश्न : आमचं घर कुडाळजवळच्या एका वाडीत आहे. परसात सहा बदकं आहेत, दिवसभर ती मागच्या ओहोळात असतात. परवा संध्याकाळी एका भटक्या कुत्र्याने त्यातल्या मादीला पंखाला धरलं. आम्ही आरडाओरडा करत धावलो तेव्हा त्याने सोडलं. आता तिचा डावा पंख खाली लोंबतो, पाठीवर दातांच्या दोन खुणा आहेत आणि ती लंगडते. पडवीत डालग्याखाली ठेवली आहे. थोडे तांदूळ खाते. आवाज अजिबात करत नाही, त्यामुळे फार दुखत नसावं असं वाटतं. सासूबाई म्हणतात, बदक हे पाण्याचं पाखरू, पाण्यात सोडलं की आपोआप बरं होईल. शेजारी म्हणतात, हळद-तेल लावा. धाकटी मुलगी रोज एकच विचारते, तिला पाण्यात कधी सोडायचं? काय करावं?

उत्तर : मुलीला सांगा, अजून नाही. पण पाण्याचं भांडं मात्र आजच तिच्यापुढे ठेवा. ही दोन्ही उत्तरं एकदम कशी, ते पुढे सांगतो. त्याआधी एक काम उद्यावर टाकू नका : तिला आजच पशुवैद्यकांना दाखवा.

कुत्र्याच्या दाताची खूण वरून लहान दिसते, पण सुळा आत खोल गेलेला असतो आणि धरून हिसडल्यामुळे कातडीखालचे स्नायू फाटलेले असतात. वरचं भोक दोन-तीन दिवसांत मिटतं, आणि घरातल्यांना वाटतं जखम भरली. आत मात्र संसर्ग वाढत असतो. मांजराचा चावा तर याहून वाईट. त्याच्या तोंडातले पाश्चुरेला जातीचे जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले तर एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. अशा चाव्यांना बहुतेक वेळा प्रतिजैविक लागतं. ते कोणतं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर तिचं वजन पाहून ठरवतील. औषध चालू असताना आणि ते संपल्यावर किती दिवस तिची अंडी खायची नाहीत, हेही त्यांना विचारून घ्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा. आणि बदक सोडवताना घरात कुणाला कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागला असेल, तर त्याने आधी जखम साबणाने धुऊन रेबीजची लस घ्यायला जावं. बदकाच्या गडबडीत हे राहून जातं.

घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तिला देऊ नका, चिमूटभरही नाही. डायक्लोफेनॅक हे आपल्या ओळखीचं औषध गुरांना दिलं जायचं. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आकाशातली गिधाडं दिसेनाशी झाली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाला आणि गाईला चालतं ते पाखराला चालेलच असं नाही, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

गप्प आहे म्हणजे दुखत नाही?

उलट आहे. बदकांत मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी. नराचा आवाज मुळातच बसलेला, घोगरा असतो. तुमची मादी गप्प झाली आहे, म्हणजे काहीतरी बिनसलंय. ज्यांना दुसरे प्राणी खातात ते प्राणी दुखणं लपवतात, कारण कळपात लंगडणारा आधी टिपला जातो. म्हणून तिच्या आवाजाकडे नको, अंगाकडे पाहा. पिसं फुगवून, मान आत ओढून बसते का? दिवसाही डोळे अर्धे मिटलेले असतात का? श्वासागणिक शेपूट खालीवर होते का? चोच उघडी ठेवून श्वास घेते का? पिसं साफ करायची तिने सोडून दिली आहेत का? ही सगळी तिच्या दुखण्याची भाषा आहे. शेपूट हलवत श्वास घेणं किंवा उघडी चोच दिसली, तर डॉक्टरांकडे नेण्यात तासाचाही उशीर करू नका.

पडवीतल्या जागेबद्दलही यातूनच सांगायचं आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या संशोधकांनी १९९९ साली ओळीने झोपणाऱ्या बदकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधली बदकं बहुतेक दोन्ही डोळे मिटून झोपत. ओळीच्या टोकाची मात्र एक डोळा उघडा ठेवत, तोही कळपाबाहेरच्या बाजूचा. उघड्या डोळ्याशी जोडलेला अर्धा मेंदू त्या वेळी जागा असे. तुमची मादी आज पडवीत एकटी आहे, म्हणजे तिच्या दोन्ही बाजू ओळीचं टोकच. त्यात येणारी-जाणारी माणसं, डालग्यातून डोकावणारी मुलं, कुत्र्याचं भुंकणं. झोप अर्धी असेल तर अंग भरून यायला ताकद कुठून येणार?

जागा

डालगं काढा. एक मोठं खोकं किंवा लाकडी पेटी घ्या, हवेसाठी वरच्या बाजूला भोकं ठेवा आणि घरातल्या शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. तळाला जुनी मऊ साडी किंवा पंचा चार घड्या करून घाला, रोज बदला. पेंढा घालायचा मोह टाळा. पावसाळ्यात पेंढ्याला बुरशी धरते, आणि बुरशीचे कण पक्ष्याच्या फुप्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत रुजले तर त्या आजारातून सुटका अवघड असते. ऊब हवी म्हणून पेटीच्या एका बाजूला, बाहेरून, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. सगळी पेटी तापवू नका. गरम वाटलं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता आलं पाहिजे. रात्री मुंगूस किंवा मांजर पोचणार नाही एवढा बंदोबस्त करा. बाकीच्या बदकांचा आवाज तिला ऐकू येईल अशी जागा मिळाली तर फार उत्तम. कळपाचा आवाज कानावर असला की या पाखरांचा जीव शांत राहतो.

उचलताना कोंबडीसारखे पाय धरू नका. बदकाचे पाय नाजूक असतात, लगेच दुखावतात. दोन्ही पंख अंगाशी मिटवून, एक हात पोटाखाली देऊन उचला. पंच्यात गुंडाळलं तरी छाती आवळू नका. आपल्या छातीखाली श्वासाचा पडदा असतो, तसा पक्ष्याला नसतो. छातीचा पिंजरा पुढेमागे हलला तरच त्याचा श्वास चालतो. घट्ट धरलेलं पाखरू तोंड मोकळं असूनही गुदमरू शकतं. हाताळल्यावर प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, मुलांचेही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली होती. बदकं तो विषाणू कधीकधी स्वतः आजारी न पडता बाळगतात. तुमच्या मादीला कुत्र्याने धरलंय, तेव्हा तिच्याबद्दल घाबरायचं कारण नाही. पण परसातले पक्षी कधी एकापाठोपाठ मरू लागले, तर कुठल्याही घरगुती उपायाआधी पशुसंवर्धन विभागाला कळवा.

जखम आणि पंख

हळद-तेल नको. हळदीची पूड ओल्या जखमेवर चिकटून बसते, तिच्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. तेल पिसांना लागलं की पिसांची रचना बिघडते, आणि पिसं हाच बदकाचा रेनकोट आणि हीच त्याची गोधडी. गावाकडे जखमेत अळ्या झाल्या की तंबाखू किंवा रॉकेल घालतात. तेही नको, ते अंगात भिनतं. एक लिटर पाणी उकळून त्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ विरघळवा, कोमट झालं की त्या पाण्याने जखम हलक्या हाताने धुवा. जखमेभोवतीची दोन-चार पिसं कात्रीने मुळाजवळ कापा, उपटू नका. पोव्हिडोन आयोडीन लावायचं तर फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा, मध्येच उचलून पाहू नका. माश्या बसू देऊ नका. अळ्या दिसल्याच तर चिमट्याने एकेक काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

एका ठिकाणी मात्र पाणी घालायचं नाही. खांद्याजवळचं हाड मोडून बाहेर आलं असेल, तर ती जखम धुवू नका. पक्ष्याच्या दंडाचं हाड आतून पोकळ असतं आणि हवेच्या पिशव्यांशी जोडलेलं असतं. हाडात ओतलेलं पाणी थेट श्वसनमार्गात जाऊ शकतं. फक्त स्वच्छ ओलसर कापड ठेवा आणि तसंच दवाखान्यात न्या.

लोंबणारा पंख दवाखान्यात पोचेपर्यंत आधाराला हवा. तो जसा नैसर्गिक मिटतो तसा मिटवून, आठाच्या आकड्यासारखी पट्टी फिरवून अंगाशी बांधतात. चिकटपट्टी वापरू नका, ती पिसं घेऊन निघते. पट्टी आणि छाती यांच्यामध्ये एक बोट सहज जावं. पक्ष्याचं हाड आपल्यापेक्षा लवकर जुळतं, बरेचदा दोन ते तीन आठवड्यांत. पण म्हणून पट्टी बांधून विसरून जायचं नाही. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक पडदा असतो. पंख फार दिवस बांधून ठेवला तर तो आखडतो, आणि हाड जुळूनही पंख उघडत नाही. म्हणून डॉक्टर ठरावीक दिवसांनी पट्टी सोडून पंख हलक्या हाताने उघडून पाहतात. ती तारीख चुकवू नका. पंख थोडा वाकडा जुळला तर वाईट वाटून घेऊ नका. पाळीव बदकं तशीही फारशी उडत नाहीत. पोहणं, चरणं, अंडी घालणं, सगळं ती सुखाने करेल.

लंगडतेय त्या पायाइतकंच लक्ष तिच्या चांगल्या पायावर ठेवा. सगळा भार एकाच तळव्यावर आला की त्याला घट्टे पडतात, तिथून जंतू शिरतात, काळी खपली धरते आणि आत गळू होतं. अंथरूण मऊ आणि कोरडं ठेवणं हाच त्यावर खरा उपाय.

खाणं

नुसते तांदूळ पुरणार नाहीत. बदकाला नायसिन हे ब जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं तर पिलांचे पाय वाकडे होतात. भिजवलेले गहू, भाताची कणी आणि कोंडा, उकडलेलं अंडं, मटार, बारीक चिरलेला पाला, मिळाला तर अझोला, ताज्या मासळीचे बारीक तुकडे, असं दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, पण दाणा अगदी निर्मळ हवा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, बदकांची पिलंही मेली. शोध घेतला तेव्हा खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड सापडली. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं ते त्यातून, आणि बदक त्याला फारच हळवं आहे. वास येणारा, काळसर, सुरकुतलेला दाणा तिच्यापुढे नको. पाव नको, शिळा मसालेदार भात नको, खारवलेली सुकी मासळी नको.

चोच उघडून पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, तिथे पाणी गेलं तर जीव जातो. फार मरगळलेली असेल तर चोचीचं टोक पाण्यात बुडवा, ती स्वतः पिईल. रोज सकाळी खायला देण्याआधी काट्यावर वजन करून वहीत लिहा. हे काम मुलीला द्या. वजन दहाव्या हिश्शाने उतरलं किंवा विष्ठा थोडी आणि गडद हिरवी होऊ लागली, तर तिच्या पोटात काही जात नाही असं समजा आणि डॉक्टरांना कळवा. कधीकधी सगळं करूनही पाखरू खात नाही, उठत नाही. तेव्हा त्याला आणखी ओढायचं की वेदनेतून मोकळं करायचं, हेही डॉक्टरांना विचारायचं धैर्य ठेवा. तोही काळजी घेण्याचाच भाग आहे.

आणि आता पाणी

सासूबाई म्हणतात ते अर्धं खरं आहे. बदकाला पाणी लागतंच, पण कशासाठी आणि किती, ते आधी पाहायला हवं. डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल भांडं तिच्यापुढे हवंच. खाताना घास पाण्याबरोबरच गिळला जातो, आणि नाकपुड्या व डोळे ती पाण्यात बुडवून धुते. ते मिळालं नाही तर डोळ्यांना चिकटा येतो. भांडं जड घ्या, म्हणजे कलंडून अंथरूण भिजणार नाही. पोहणं मात्र वेगळं. बदक कोरडं राहतं ते नुसत्या तेलाने नाही. पिसांचे सूक्ष्म धागे एकमेकांत अडकून दाट विणकाम होतं, त्यात हवा कोंडून राहते, आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं तेल चोचीने फिरवून ती ते विणकाम सांभाळते. आजारी बदक हे काम सोडून देतं. मग पिसं पाणी पितात, अंग गारठतं, पट्टी भिजते आणि जखम कुजते.

हे मी लहानपणी पाहिलं आहे. आजोळी एका लंगडणाऱ्या बदकाला आम्ही मुलांनी मोठ्या प्रेमाने हौदात सोडलं. नेहमी होडीसारखं वर तरंगणारं ते बदक हळूहळू खाली बसत गेलं, पाठीपर्यंत पाणी आलं, तरी मान ताठ होती. ते पोहतंय असंच आम्हाला वाटलं. मावशीने बाहेर काढून रात्रभर चुलीपाशी ठेवलं. सकाळी ते गेलेलं होतं. म्हणून तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून मी थांबलो, आणि इतकं लांबलचक उत्तर लिहायला बसलो.

हे सगळं पाळीव बदकासाठी आहे. ओहोळाकाठी किंवा तळ्यावर जखमी अडई, हळदी-कुंकू बदक किंवा दुसरं कुठलंही रानबदक सापडलं, तर फक्त खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा आणि १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे रानपक्षी घरी पाळता येत नाही. शिवाय त्याला पुन्हा उडायचं असतं. माणसाच्या हाताची सवय लागलेलं किंवा वाकड्या पंखाचं रानबदक रानात टिकत नाही.

तर कधी सोडायचं? दातांच्या जखमा पूर्ण भरल्या, पट्टी कायमची निघाली, वजन स्थिर झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की. पहिला दिवस ऊन असलेला निवडा. मोठ्या घमेल्यात पाय टेकतील एवढं कोमट पाणी, आणि फक्त दहा मिनिटं. पिसं ओली होऊन अंगाला चिकटली किंवा ती पाण्यात खाली बसू लागली तर लगेच काढा, पंच्याने टिपा, उबेत ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा. जमलं तर रोज थोडा वेळ वाढवत न्या. पाय आखडला असेल तर हाच त्याचा व्यायाम, कारण पाण्यात अंगाचा भार पायावर येत नाही. कळपात परत नेतानाही घाई नको. आधी दोन-चार दिवस मध्ये जाळी ठेवून भेटू द्या. नर अशक्त मादीला त्रास देतात, म्हणून पहिले काही दिवस तुम्ही समोर असतानाच एकत्र सोडा.

घमेल्यापाशी मुलीला बसवा, आणि काय पाहायचं ते सांगा. पाठीवर उडवलेले थेंब पिसांत न मुरता ओघळून गेले, आणि बाहेर आल्यावर तिने आपली आपण मान वळवून, शेपटीच्या मुळाशी चोच नेऊन एकेक पीस लावायला घेतलं, की तिचं तिनेच उत्तर दिलं असं समजा. दुसऱ्या दिवशी ओहोळ.